घरचे नाव नसलेले दुखणे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

काही दुखण्यांना आपल्याकडे घरचे नाव असते. मधुमेहाला आपण साखर म्हणतो, रक्तदाबाला बीपी, संधिवाताला नुसताच वात. नाव घरचे असले की दुखणेही घरचे होते. 'मला साखर निघाली' असे कुणी म्हटले की समोरचा लगेच सांगतो, 'आमच्या मोठ्या भावाला बारा वर्षे झाली.' मग कारल्याचा रस, मेथीचे दाणे, अमुक डॉक्टर, सकाळचे फिरणे, सगळे ओघाने येते. सल्ले नको तितके मिळतात हे खरे. पण त्या सल्ल्यांसोबत एक मोठी गोष्ट न मागता मिळत असते. हे दुखणे अंगावर घेऊन माणसे शेती करतात, नोकरी करतात, लेकीबाळींची लग्ने लावतात, हे आपल्याला डोळ्यांनी दिसते. धीर येतो तो त्या दिसण्याने.

आज मी ज्या दुखण्याविषयी बोलणार आहे त्याला असे घरचे नाव नाही. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. मराठी वैद्यक परिभाषेत शब्द आहे 'रोहिणीविस्फार'. रोहिणी म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त घेऊन जाणारी वाहिनी, आणि विस्फार म्हणजे तिचे एखाद्या ठिकाणी फुगून रुंद होणे. मी कविता लिहिते, त्यामुळे शब्द मला आवडला. नक्षत्राचे नाव आपल्या पोटात वाहते आहे, हे वाचून थोडा वेळ बरेही वाटले. पण हा शब्द भंडाऱ्याच्या बाजारात कुणाला सांगून पाहा. ॲन्युरिझम म्हटले की आमच्या भागात ऐकणारा 'ॲनिमिया' ऐकतो. मला वर्षभरात बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि पालक इतका सुचवला गेला की त्यात एखादे दुकान चालले असते. आणि 'ॲनिमिया नव्हे, रक्तवाहिनीला फुगा आला आहे' असे समजावून सांगितले, की समोरच्याचा चेहरा उतरतो. त्याला 'गाठ' ऐकू येते, आणि गाठ म्हणजे कॅन्सर. मग तो आवाज खाली आणतो आणि घरच्यांची चौकशी करू लागतो.

तेव्हा आधी हे दुखणे काय आहे ते नीट पाहू.

हृदयातून निघालेली महारोहिणी छातीतून खाली उतरते आणि पोटात येते. पोटात शिरताच ती एक आखूड, जाड फांदी फोडते. त्या फांदीला पुढे तीन फाटे फुटतात. एक जठराकडे जातो, एक यकृताकडे आणि तिसरा डाव्या बरगड्यांखाली असलेल्या प्लीहेकडे, म्हणजे आपण जिला पानथरी म्हणतो तिच्याकडे. हा तिसरा फाटा मोठा गमतीचा आहे. बाकीच्या वाहिन्या बऱ्यापैकी सरळ जातात; ही मात्र स्वादुपिंडाच्या कडेने नागमोडी वळणे घेत जाते. सीटी स्कॅनच्या चित्रात ती वैनगंगेच्या नकाशासारखी दिसते. जाडी साधारण अर्धा सेंटिमीटर. माझ्या या वाहिनीला एका वळणावर फुगा आहे, १.८ सेंटिमीटरचा. पित्ताशयात खडे आहेत का ते पाहायला सोनोग्राफी केली, तिथे तो अवचित दिसला, आणि मग नागपूरला सीटी करून नक्की झाला. मला त्याचा काहीही त्रास नव्हता, आजही नाही. या दुखण्याच्या बहुतेक रोग्यांची कथा अशीच असते. शोधायला जातात एक आणि सापडते दुसरे.

महारोहिणीलाच पोटात फुगा येणे हे त्या मानाने जास्त आढळते, विशेषतः साठी ओलांडलेल्या आणि वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत. तिच्या फांद्यांना फुगा येणे मात्र विरळ. अशा फांद्यांवरच्या फुग्यांपैकी सुमारे ६० टक्के प्लीहेच्या वाहिनीवर असतात, २० टक्क्यांच्या आसपास यकृताच्या, आणि उरलेले आतड्यांच्या व इतर वाहिन्यांवर. प्लीहेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ती पुरुषांपेक्षा बायकांत सुमारे चौपट आढळते, आणि त्यातही अनेक बाळंतपणे झालेल्या बायकांत अधिक. गरोदरपणात शरीरात होणारे बदल आणि वाढलेला रक्तप्रवाह वाहिनीची भिंत सैल करत असावेत, असे मानले जाते. यकृताच्या जुन्या आजारात पोटातल्या नसांवर दाब वाढतो, तेव्हाही हा फुगा येऊ शकतो. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर किंवा पोटाला मार लागल्यावर येतो तो वेगळा. त्यात वाहिनीची भिंत फाटलेली असते आणि रक्त भोवतालच्या पेशींनी कसेबसे अडवलेले असते. त्याला खोटा फुगा म्हणतात. नाव खोटे, पण धोका त्याचाच जास्त. तो कितीही लहान असला तरी डॉक्टर थांबत नाहीत.

फुगा म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला समजावणे सोपे आहे. भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांची मातीची पाळ एखाद्या ठिकाणी आतून कमजोर झाली की पाणी तिला बाहेर ढकलू लागते. पाळ फुटलेली नसते, पाणी गळत नसते; पण तिचा आकार बदललेला असतो आणि जाणत्याला तो दिसतो. रक्तवाहिनीचेही असेच आहे. भिंतीतले लवचीक थर एका जागी झिजतात आणि रक्ताचा दाब ती जागा बाहेर लोटतो. मोठ्या फुग्याची डॉक्टरांना काळजी का वाटते, हे लहान मुलांच्या फुग्यावरून कळते. फुगवायला सुरुवात करताना गाल दुखतात. एकदा फुगला की पुढे कमी जोर लागतो. पोकळी जितकी रुंद, तितका तोच दाब भिंतीवर अधिक ताण देतो. लाप्लास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. म्हणून आमच्यासारख्यांचे सगळे जगणे मिलिमीटरात मोजले जाते.

किती मिलिमीटरला काय करायचे? पूर्वी प्लीहेच्या वाहिनीसाठी दोन सेंटिमीटर ही रेषा मानत. अमेरिकेतील रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत ती तीन सेंटिमीटरवर नेली. त्याखालचा, त्रास न देणारा आणि वाढ न दाखवणारा फुगा असेल तर वर्षाकाठी तपासणी करून लक्ष ठेवावे, असे ती सांगतात. इतर वाहिन्यांच्या रेषा वेगळ्या. यकृताच्या वाहिनीला दोन सेंटिमीटर, तर आतड्यांना रक्त देणाऱ्या मुख्य वाहिनीवर फुगा असला तर आकार न पाहताच उपचार.

आणि एक अपवाद आहे, तो मी दोनदा सांगणार आहे. मूल होण्याच्या वयातल्या बाईला प्लीहेच्या वाहिनीचा फुगा असेल, तर तो लहान असला तरी त्यावर उपचार करावा असे ही सूत्रे म्हणतात. कारण गरोदरपणात, बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत, तो फुटला तर आईचा जीव जाण्याचे प्रमाण जुन्या नोंदींत ७० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि बाळाचे त्याहून जास्त. पुन्हा सांगते. तुमच्या सुनेच्या, लेकीच्या, धाकट्या जावेच्या एखाद्या जुन्या सोनोग्राफीच्या कागदावर असा काही उल्लेख असेल आणि कुणी त्याकडे 'त्रास तर काही नाही ना' म्हणून काणाडोळा केला असेल, तर तो कागद शोधा आणि दिवस जाण्याच्या आधी डॉक्टरला दाखवा. दिवस गेले असतील तर आजच दाखवा. डाव्या बरगड्यांखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात एकाएकी जोराची कळ, ती डाव्या खांद्याकडे जाणे, घाम, चक्कर, ही खूण झाली. प्लीहेचा फुगा कधीकधी दोन टप्प्यांत फुटतो. आधी रक्त जठरामागच्या लहानशा पोकळीत अडते, कळ येते, मग जरा बरे वाटते. काही तासांनी ते अडलेले रक्त वाट फोडते. ते मधले बरे वाटणे फसवे असते. 'गॅस झाला असेल' म्हणून त्या वेळेत ओवा चावत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि 'पोटातल्या रक्तवाहिनीला फुगा आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

उपचारही सांगते, थोडक्यात. पूर्वी पोट उघडून वाहिनी दोन्ही बाजूंनी बांधत किंवा प्लीहेसकट काढून टाकत. आजही गरज पडली तर करतात. पण आता पुष्कळदा जांघेतल्या किंवा मनगटातल्या वाहिनीतून केसासारखी बारीक नळी आत नेतात आणि फुग्यात व त्याच्या आजूबाजूला प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरून रक्ताचा प्रवाह तिथे थांबवतात. वाट बंद केली तर प्लीहा मरत नाही का, असे मी डॉक्टरांना विचारले होते. ते म्हणाले, जठराकडून येणाऱ्या बारीक वाहिन्या तिला रक्त पुरवतात. गावचा डांबरी रस्ता पुराने बंद झाला तरी पांदणीने बैलगाडी येतेच, तसे. काही वेळा वाहिनीच्या आत अस्तर लावलेली जाळीची नळी बसवतात. कुणाला काय चालेल, हे त्या वळणांवर अवलंबून असते.

इथवर झाली माहिती, आणि ती कुठलाही चांगला डॉक्टर देईल. पण निदान झाल्यावर पहिल्या महिन्यात मला जे हवे होते ते या माहितीत नव्हते. मला असे एक माणूस हवे होते, ज्याला हेच झाले आहे आणि जे चहा पीत माझ्यासमोर बसले आहे.

कारण माझे प्रश्न डॉक्टरांना विचारण्याजोगे वाटत नव्हते. पाण्याची घागर उचलू का? जोरात खोकला आला तर? नमाज पढताना सजद्यात वाकले की पोटावर दाब येतो, ते चालेल? रोजे धरले तर बीपीची गोळी केव्हा घ्यायची? रात्री डाव्या कुशीवर झोपू का? साठ-पासष्ट किलोमीटरवरून एसटीने जावे, तीन तास बाकावर बसावे, आणि मग बाहेर चाळीस माणसे ताटकळत असताना मोठ्या डॉक्टरला 'कुशीवर झोपू का' असे विचारावे, ही हिंमत होत नाही. मी एकदा सगळे कागदावर लिहून नेले आणि वाचून दाखवले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकले. माझ्या बाबतीत नमाजाला, घरकामाला काही आडकाठी नाही म्हणाले. बीपी आटोक्यात ठेवा आणि घरात कुणी तंबाखू-खर्रा खात असेल तर त्यालाही सोडायला लावा म्हणाले. दोन मिनिटे लागली. त्या दोन मिनिटांसाठी मी दीड महिना डाव्या कुशीवर झोपले नव्हते.

घरच्यांची तऱ्हा निराळी. त्यांना फुगा दिसत नाही आणि मी धडधाकट दिसते. पहिले पंधरा दिवस कुणी मला चमचा उचलू देईना. मग हळूहळू सगळे विसरले, आणि विसरले याचेच मला वाईट वाटू लागले. नणंदेने ताजबागला चादर कबूल केली, शेजारच्या काकूंनी आंभोऱ्याच्या महादेवाला नारळ बोलला. दोघींचेही प्रेम खरे. पण रात्री दोन वाजता पोटात साधी कळ आली की हा गॅस आहे की तो आहे, हे ठरवताना माणूस एकटाच असतो.

विरळ दुखण्यात सोबती मिळत नाही याला एक कारण इतिहासातही आहे. प्लीहेच्या वाहिनीचा फुगा पहिल्यांदा नोंदला गेला तो १७७० साली, फ्रान्समध्ये, शवविच्छेदनात. पुढे कितीतरी वर्षे तो असाच सापडत राहिला, माणूस गेल्यावर. हातापायातले, मानेतले धडधडणारे फुगे जुन्या वैद्यांना माहीत होते. दहाव्या शतकातल्या कॉर्डोव्याच्या अल्-झहरावीने आपल्या ग्रंथात काखेतल्या, जांघेतल्या आणि मानेतल्या अशा गाठींवर सुरी चालवू नका असे शिष्यांना बजावून ठेवले आहे. पण पोटाच्या आतले कुणाला दिसणार? सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आले तेव्हा कुठे या दुखण्याला जिवंत रोगी मिळाले. ज्याला आपले दुखणे माहीत आहे आणि जो ते दुसऱ्याला सांगू शकतो, असा रोगी ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. आमची जमात अजून एकमेकांना भेटलेलीच नाही.

वाचनातून मला जो पहिला सोबती मिळाला तो अल्बर्ट आइन्स्टाइन. तो सख्खा नव्हे, चुलत. त्यांचा फुगा महारोहिणीवर होता. १९४८ साली पोटदुखीसाठी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे पोट उघडले तेव्हा तो दिसला. रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदांनी त्याभोवती सेलोफेन गुंडाळला. हो, मिठाईच्या डब्यावर असतो त्या जातीचा कागद. त्याच्या क्षोभाने भोवती घट्ट ऊती तयार व्हावी आणि भिंतीला आधार मिळावा, ही कल्पना. त्यानंतर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले आणि काम करत राहिले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला, रुग्णालयात आकडेमोडीचे कागद मागवून घेतले आणि १८ तारखेला ते गेले. या शेवटाचे पुष्कळांना कौतुक वाटते. मला ते तितकेसे घेता येत नाही. महारोहिणीचा खराब तुकडा काढून नवा बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया पॅरिसमध्ये झाली ती १९५१ साली. म्हणजे त्यांच्यापुढे जो मार्ग होता तो नवा आणि जोखमीचा होता. आज आपल्यापुढे मार्ग अधिक आहेत, तेव्हा त्यांचा नकार उसना घेण्याचे कारण नाही. घ्यायची असतील तर ती मधली सहा वर्षे घ्यावीत.

पण मेलेल्या शास्त्रज्ञाबरोबर चहा पिता येत नाही. मला सोबत मिळाली ती दुसऱ्याच दुखण्याच्या माणसांत, आणि तीही आपल्या पूर्व विदर्भातल्या.

आपल्याकडे सिकलसेल आहे हे वेगळे सांगायला नको. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि हाडे फोडणाऱ्या कळा येतात. हा आजार आईबापांकडून येतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, या पट्ट्यात तो खेडोपाडी आहे. त्या मुलांची प्लीहा या अडकलेल्या पेशींनी भरते, सुजते, आणि पुढे बऱ्याचदा निकामी होते. काहींची काढावी लागते. नागपूरचे संपत रामटेके यांनी स्वतःच्या मुलाच्या आजारातून हे काम हाती घेतले आणि सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डॉक्टर नसलेल्या एका बापाने रोगी आणि त्यांच्या आईबापांना एकत्र आणले, हे मला त्या पदकाहून मोठे वाटते.

नागपूरला सोनोग्राफीच्या बाहेरच्या बाकावर मला लाखांदूरकडची एक बाई भेटली. सोबत पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. 'तुमाले का झालं जी बाई?' तिने विचारले. मी फुगा, वाहिनी, प्लीहा असे सांगू लागले, तर पानथरीचे नाव निघताच तिचा चेहरा उजळला. तिच्या मुलाची पानथरी लहानपणीच काढलेली होती. माझ्या आयुष्यात मी भेटलेली ती पहिली बाई, जिला प्लीहा म्हणजे काय हे माझ्याइतकेच ठाऊक होते, आणि काही बाबतीत जास्त. प्लीहा काढली की न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या काही जंतूंपासून धोका वाढतो, म्हणून लसी घ्याव्या लागतात आणि शक्य असेल तर त्या शस्त्रक्रियेच्या आधीच घेतलेल्या बऱ्या, हे मला तिने सांगितले. मुलाला ताप आला तर ती दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही, रात्रीच निघते. डॉक्टरांना विचारले, त्यांनी सगळे बरोबर म्हणून सांगितले.

तिच्याकडे एक कापडी पिशवी होती. त्यात सगळे कागद तारखेने लावलेले, सर्वांत नवा वर. जन आरोग्य योजनेच्या कामासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटायचे, रेशनकार्ड आणि आधारची एक जादा झेरॉक्स ठेवायची, सीटीची सीडी रुग्णालयात सोडून यायची नाही. ही विद्या तिने दहा-बारा वर्षांत मिळवली होती आणि मला अर्ध्या तासात दिली. आमचे दुखणे एक नव्हते. पण वाट पाहणे एक होते. चांगले दिसणाऱ्या शरीरात काहीतरी दबा धरून बसले आहे, हे ओळखून स्वयंपाक करणे एक होते. ती मला अजून फोन करते. 'मोजणी कधी आहे?' असे विचारते. आमच्या सीटीला तिने दिलेले हे घरचे नाव, शेतीच्या मोजणीवरून घेतलेले.

हे काही नवे नाही. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून दारू लांब ठेवली आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभे राहिले. आपल्याकडे अशोक वर्मा यांनी, स्वतः हिमोफिलियाचे रोगी असताना, १९८३ साली हिमोफिलिया फेडरेशन सुरू केले. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात प्राध्यापकी करणारे जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली, तिथे रोग्यांचे नातलग एकत्र बसून बोलतात. पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. अशा गटांत दोन वर्षे पुढे गेलेला माणूस नुकत्याच आलेल्याला पुढचे वळण सांगतो. हे ज्ञान पुस्तकात नसते, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला ते वळण घ्यावे लागलेले नसते.

रोहिणीविस्फाराचा असा गट आमच्या भागात माझ्या पाहण्यात नाही. म्हणून मी डॉक्टरांनाच विचारले, तुमच्याकडे माझ्यासारखी आणखी कुणी आहे का? त्यांनी नाव सांगितले नाही, आणि ते योग्यच केले. माझा नंबर मात्र ठेवून घेतला. त्या बाईंना विचारले, आणि त्यांनी होकार दिल्यावर त्यांनाच मला फोन करायला सांगितले. दुसऱ्या जिल्ह्यातल्या, माझ्याहून मोठ्या, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचा फुगा तीन सेंटिमीटरच्या वर होता आणि तारेची वेटोळी घालून झाली होती. 'शुद्धीवर असता, फक्त जांघेत सुई टोचून बधिर करतात. आत तार फिरते ते कळत नाही. नंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडायचे, त्याचाच कंटाळा येतो. दोन-तीन दिवस ताप आला, डावीकडे दुखले, मग ओसरले.' एवढेच त्या बोलल्या. त्या रात्री मी डॉक्टरांचे कागद प्रथमच न घाबरता वाचले.

मात्र सोबतीची एक अडचणही आहे. त्यांचे ऐकून मला वाटू लागले, आपणही करूनच टाकावे; रोजची टांगती तलवार नको. घरातही दोन तट पडले. डॉक्टरांनी समजावले, त्यांचा फुगा वाढत होता, तुमचा दोन तपासण्यांत तितकाच आहे. नळी घालण्यालाही थोडी जोखीम असतेच, प्लीहेचा काही भाग रक्तावाचून सुकू शकतो. बाईंनीही फोनवर हेच सांगितले, 'माझे मिलिमीटर तुमचे नव्हेत.' मी सध्या थांबले आहे. फुगा वाढला किंवा दुखू लागला तर थांबणार नाही. हा निर्णय मी डॉक्टरांबरोबर घेतला. सोबत्यांनी एवढे केले, की तो घेताना माझे डोके ठिकाणावर होते. कुणी सोबती तुम्हाला गोळी बदला म्हणू लागला, तपासणी चुकवा म्हणू लागला किंवा काढा विकू लागला, तर त्याच्यापासून मात्र चार हात लांब राहावे.

लाखांदूरच्या त्या बाईचे पाहून मी एक कार्ड करून पर्समध्ये ठेवले आहे. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचे, वर प्लॅस्टिक. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिले आहे. प्लीहेच्या रोहिणीला फुगा, १.८ सेंटिमीटर, शेवटची मोजणी अमुक तारखेची. रक्तगट. चालू गोळ्या. कशाची ॲलर्जी नाही. डॉक्टरांचा नंबर, मुलाचा नंबर. एकाएकी पोटात कळ येऊन ही बाई कोसळली तर आधी पोटातल्या रक्तस्रावाचा विचार करावा, ही ओळ डॉक्टरांनी सांगून लिहवून घेतली. दर मोजणीनंतर आकडा आणि तारीख बदलायची असते, म्हणून तेवढी जागा पेन्सिलीने लिहिली आहे.